ओरखडा नसलेलं खोकं

आमच्या गल्लीतला खोकीवाला चाळीस वर्षं मालवाहतुकीची लाकडी खोकी बनवतो. त्याचं खोकं फुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. परगावी दिलेल्या त्याच्या लेकीला भरतकामाची नोकरी लागली. अट एवढीच, मशीन स्वतःचं हवं. त्यानं ते घेतलं. पाठवताना ट्रान्सपोर्टचा कारकून म्हणाला, "काका, आमचे हमाल बांधतील."

"त्यांना आधी स्वतःचा डबा बांधायला शिकवा!" असं म्हणून म्हाताऱ्यानं खोकं स्वतः ठोकलं.

तिकडे लेकीनं झाकण काढलं, तर मशीनच्या बिडाच्या सांगाड्याला आरपार तडा. खोक्याला ओरखडाही नाही.

भरपाई मागायला मी त्याच्यासोबत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो. कायदा मी स्वतः वाचून शिकलोय, वकिलांच्या तोंडाकडे बघत नाही. "माल ताब्यात घेतला की जबाबदारी तुमची!" मी टेबलावर हात आपटला.

साहेबानं शांतपणे पावती पुढे सरकवली. "पॅकिंग मालकाचं, सही यांचीच. खोकं धड आहे, मग आम्ही आपटलं कशावरून? मशीन आत हललं असेल."

"माझ्या खोक्यात काही हलत नाही," म्हातारा ताडकन बोलला.

"मग ते आधीच फुटकं असेल, काका."

माझ्याकडे पुरावा नव्हता. लेकीची नोकरी दुसरीला गेली.

परतताना म्हातारा एवढंच म्हणाला, "खोकं फुटलं असतं, तर पोरीला नवं मशीन मिळालं असतं रे."

काल त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो विचारत होता, "किती पक्कं हवंय?"