केळवणातल्या कण्या

हळद तोंडावर आली आणि नवरीचं पोट बिघडलं. नवरी म्हणजे मी. ज्या घरी केळवणाला जावं तिथे बासुंदी, पुऱ्या, भजी आणि लाल तर्रीची वांग्याची भाजी. डॉक्टरांनी नेमकं तेच बंद केलं: दूध, तळलेलं, तिखट, गोडधोड, चहासुद्धा. मीठ-साखरेचं पाणी पीत राहा आणि ताक-भात खा, म्हणाले. आमच्या केळवणाचं ताट समोर ठेवूनच बोलत होते की काय कोण जाणे.

बाकीच्या घरांसमोर आईने हात जोडले. नेरच्या मोठ्या आत्याकडे मात्र जावंच लागणार होतं. काकाच्या लग्नात मानाच्या साडीवरून ती बाबांवर रुसली, ती पुन्हा आमच्या दारात आली नाही. आता तिने स्वतः फोन करून मला बोलावलं होतं. तिच्या पानावरून मी तशीच उठले असते तर ती लग्नालाही आली नसती. आणि मला ती मांडवात हवीच होती, बाबांच्या शेजारी.

"दोन घास खाऊन घे," आई एसटीत कुजबुजली.

"आन् येताना एसटी कोण थांबवंल?" मी म्हणाले.

आत्याने पाटाभोवती रांगोळी काढली होती. वाटीत बासुंदी, वर चारोळी. मी सरळ सांगून टाकलं, "आत्या, मले हगवण लागली."

तिचा चेहरा पडला, मग लाल झाला. "माह्याच घरी बरी लागली! तुह्या बापानं शिकवलं काय?"

माझंही डोकं तापलं. शेवटी मी तिचीच भाची. "कोणी नाही शिकवलं. तुह्या घरचं खाल्ल्याशिवाय मी जातच नाही. पण लहानपणी पोट बिघडलं की तू ताकातल्या कण्या खाऊ घालायची, त्या कर."

"केळवणात कण्या? लोकं हसतीन मले."

"हसू दे."

ती पदर खोचून उठली, मिक्सरमध्ये ज्वारी जाडसर भरडली, मऊ शिजवली, वर ताक ओतलं. रांगोळीतल्या पाटावर बसून मी वाटी चाटूनपुसून संपवली. ओटी भरताना तिचे डोळे भरून आले आणि मला इतका आनंद झाला की पोटाचा विसरच पडला.

लग्नाच्या दिवशीही माझं पथ्य सुटलं नव्हतं. पंगत बसली, "घास भरवा" असा गलका झाला आणि नवऱ्याने गुलाबजाम उचलला.

"खबरदार! जावईबापू, ठेवा तो खाली!"

आत्या! हातात स्टीलचा डबा. भर मांडवात नवऱ्याने मला कण्यांचा घास भरवला आणि मी गड जिंकल्यासारखी सगळ्यांकडे पाहिलं. मागून बाबा वाटी-चमचा घेऊन धावत आले.

"एवढा मोठा झाला, तरी वाटी लहानच आणली!" आत्या त्यांच्यावर ओरडली.

मान खाली घालून बाबा हसत होते, आणि आत्या काही केल्या थांबत नव्हती.