मिसरीच्या डबीतलं रिकामं पाकीट

माझ्या सासूबाईंना, अनसाबाईंना, मी आत्या म्हणते. शिक्रापूरजवळच्या आमच्या वस्तीवर कुणाचं काही दुखलं की माणूस आधी त्यांच्याकडे येतो. त्यांच्या मिसरीच्या मोठ्या डबीत गोळ्यांची रिकामी पाकिटं घडी घालून ठेवलेली असतात. गोळी संपली की बाजाराला निघालेल्याच्या हातात पाकीट द्यायचं, "असलीच आण रं." दुकानदार पाकीट बघतो आणि गोळ्या देतो.

दोन वर्षांपूर्वी मामांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, हात थरथरू लागले. चाल मंदावली, चेहऱ्यावरचं हसू गेलं. पुढं त्यांचे धाकटे भाऊ सोपानरावही तसेच झाले. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, सख्खे भाऊ आहेत, क्वचित आढळणारा आनुवंशिक आजार असू शकतो. मुलानातवंडांचंही रक्त तपासावं लागेल.

तेव्हापासून मी प्रांजलचे हातच बघत राहिले. माझी लेक, दहावीतली. वेणी घालताना, वही लिहिताना.

"मम्मी, काय बघतीस गं सारखी?"

"अक्षर बघते."

तपासणीला आठ दिवस राहिले असताना भाकरी थापता थापता आत्यांचा हात थरथरला. मी तिथंच रडू लागले.

"तू कशाला रडतीस?" आत्या म्हणाल्या. "रोग ह्यांच्या रक्तात हाय म्हणत्यात न्हवं? म्या तर वरवंडची. माझ्यात ह्यांचं रगत कुठनं आलं?"

बी.एस्सी. मी झालेली, आणि प्रश्न पडला त्यांना.

"आत्या, तुम्ही तिघं सारखं असं काय घेता?"

त्यांनी डबी उघडली. तीन वर्षांपूर्वी मामांना चक्कर आली, तेव्हा पंधरा दिवसांसाठी दिलेल्या गोळीचं पाकीट. तेच दाखवून गोळी चालू राहिली होती. सोपानरावांना उसात चक्कर आली, तेव्हा त्यांनाही तीच. गेल्या वर्षापासून आत्याही घेत होत्या.

आत्यांच्या भाच्यानं आम्हाला दौंडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पाकीट पाहून त्या म्हणाल्या, "ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की असं होऊ शकतं. बंद करू आणि वाट पाहू." पुण्याच्या डॉक्टरांनीही मान्य केलं. रक्ततपासणी पुढं ढकलली.

आत्या आठवडाभर नीट जेवल्या नाहीत. "म्याच घातली ह्यांच्या तोंडात."

"पन्नास वर्सं तुझं कालवण पचवलं," मामा म्हणाले, "गोळीला काय भितोय व्हय!"

चार महिने झाले. सोपानराव पुन्हा मोटारसायकल चालवतात. आत्यांच्या हाताची थरथर थांबली. मामांचा डावा हात अजून जरा हलतो, पण हसू परत आलंय. गेल्या आठवड्यात दोन्ही डॉक्टर म्हणाले, आता ती रक्ततपासणी नको.

काल प्रांजलच्या हातून काचेची बरणी पडली, सगळ्या ओट्यावर लोणचं. मी तिला चांगली झापली, "लक्ष कुठं असतं गं तुझं?" हाताकडं बघायचं मला सुचलंसुद्धा नाही.