चुन्याचं कुंकू

बाबांच्या टेबलापाशी दोन खुर्च्या होत्या. एक त्यांची, हातांची. दुसरी वेताची, तिचा एक वेत सुटून मांडीला टोचायचा. ती माझी होती. शनिवारी बाबांची सकाळची शाळा असे आणि मला सुट्टी. दुपारची जेवणं झाली की बाबा टेबल स्वतः पुसून घेत, मी इंग्रजी पुस्तक उघडायची, आणि आई चहाला हाक मारीपर्यंत आम्ही दोघं तिथं बसून असायचो.

बाबा मुलींच्या हायस्कुलात शास्त्र शिकवीत. त्यांच्या मुली मराठीतून शिकत, आणि मराठीत रसायनाची जी पुस्तकं मिळत ती, बाबांच्या मते, पोरींना घाबरवण्यासाठीच लिहिलेली होती. म्हणून सातवी-आठवीच्या मुलींसाठी ते स्वतःच एक वही तयार करीत होते. मला मामांच्या हट्टामुळं इंग्रजी शाळेत घातलेलं. घरात त्या इंग्रजीचा उपयोग एवढाच होता. मी एकेक वाक्य वाचायची, बाबा ते मराठीत फिरवून सांगायचे आणि मी वहीत उतरवून घ्यायची. आंबट ते आम्ल. चुना, सोडा, राख यांचं पाणी हाताला बुळबुळीत लागतं, ते अल्क. दोन्ही एकत्र आली की एकमेकांचा जोर मारतात. गुऱ्हाळातला गुळव्या उसाच्या रसात चुन्याची निवळी का टाकतो, हे मला त्या टेबलापाशी कळलं. आमच्या शाळेत मला आम्लांची यादी पाठ होती, पण गुऱ्हाळाचं नाव त्या पुस्तकात कुठंच नव्हतं.

मी बोलणारी मुलगी नव्हते. पाहुणे आले की पाण्याचा तांब्या ठेवून मी आत जायची, ती ते जाईपर्यंत बाहेर येत नसे. टेबलापाशी मात्र बोलायची. एखादा शब्द सुचवायची. बाबा तो दोनदा पुटपुटून बघत आणि म्हणत, "लिही बाळ. चालेल." त्या 'चालेल'वर माझा पुढचा आठवडा जाई.

एका शनिवारी बाबा शाळेतून आले ते हसतच. टोपी खुंटीला लावायच्या आधीच आईला म्हणाले, "आज आठवीतल्या एका पोरीनं मला गप्प केलं."

झालं होतं ते असं. बाबांनी वर्गात हळद पाण्यात कालवली, तिच्यात चुना घातला, हळद लाल झाली. मग लिंबू पिळलं, ती परत पिवळी झाली. अल्कानं लाल, आम्लानं पिवळी. हा आमच्या वहीतला सातवा प्रयोग. त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्यात तर लिंबानंच लाल हुतंय की."

ती कुंकू करणाऱ्यांच्या घरातली होती. देवळामागच्या गल्लीत त्यांचं दुकान, आणि मागं घरातच कुंकू कुटायचं काम. हळकुंडं लिंबाच्या रसात भिजवायची, त्यात सवागी, म्हणजे टाकणखार, आणि थोडी तुरटी घालायची, रोज हलवायची. आठ-दहा दिवसांत हळकुंड आतपर्यंत लाल होतं. मग वाळवून कुटायचं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" आईनं विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, बाई, हे माझ्या पुस्तकात नाही. तू शिकव." आणि बाबा पुन्हा हसले. ते हसणं मी टेबलापाशी कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती आमच्या घरी आली. दोन वेण्या, परकर, आणि बोटांच्या पेरांवर न जाणारा तांबूस रंग. बाबांनी सहज वेताच्या खुर्चीकडं हात केला. ती बसली. टोचणारा वेत तिनं लगेच ओळखला आणि खाली बघून दोन बोटांनी आत खोचून टाकला. इतकी वर्षं मला ते सुचलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातला पाट आणून भिंतीशी बसले.

त्या दिवशी मिठाचं चाललं होतं. पाण्यात मीठ घालत जायचं, विरघळत जातं, आणि मग एक वेळ अशी येते की कितीही ढवळा, तळाशी राहतंच. मी शब्द सांगितला होता : संपृक्त. बाबांनी तिला विचारलं, "हे तू तुझ्या धाकट्या बहिणीला कसं सांगशील?"

"प्वाट भरलं म्हणायचं पाण्याचं. आता वाढलं तरी पानातच ऱ्हाणार."

बाबांनी माझ्याकडं वळून म्हटलं, "हे घे लिहून. 'संपृक्त' कंसात टाक."

मी टाकला. दौतीत टाक जरा जास्तच बुडाला असावा, कारण कंसावर डाग पडला.

मग ती दर शनिवारी येऊ लागली. आई तिला चिवडा देई तो मोठ्या बशीत. जाताना ती "येतो सर, येतो काकू" म्हणायची, कोल्हापुरात बायका म्हणतात तसं. आमच्या शाळेत असं बोललं असतं तर वर्गभर हशा पिकला असता. मीही मनातल्या मनात हसून बघितलं. पण बाबा दारापर्यंत तिला पोचवायला जात, आणि मनातल्या हसण्याला काही अर्थ उरत नसे. ती मला 'अक्का' म्हणायची. दोन-अडीच वर्षांनी लहान होती. तिच्याबद्दल वाईट बोलावं असं तिनं काही केलं नव्हतं. हेच फार अवघड होतं.

संक्रांतीनंतर बाबांच्या शाळेत मुलींच्या आयांना हळदीकुंकवाला बोलावत. त्या वर्षी बाबांनी ठरवलं की आधी आयांना हळदीकुंकवाचंच रसायन दाखवायचं. दिवाळीत ते मला म्हणाले होते, "प्रयोग तू करून दाखव बाळ. मी फक्त बोलेन." मी नको नको म्हटलं होतं. शंभर बायकांपुढं उभं राहायचं होतं. पण ते आणखी एकदा विचारतील, मग मी हो म्हणेन, असं मी धरून चालले होते. त्यांनी पुन्हा विचारलं ते तिला.

"करतो की," ती म्हणाली. "त्यात काय हाय?"

"आणि तू मागं ग्लास धुवायला थांब," बाबा मला म्हणाले. "तुला गर्दी आवडत नाही ना."

त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझी सुटका केली.

हळदीकुंकवाच्या आदल्या आठवड्यात ती घरच्या कुंकवाची पुडी देऊन गेली. समारंभाचं कुंकूही तिच्याच घरून यायचं होतं. पुडी बाबांच्या टेबलावर ताटलीत होती, शेजारी हळद, चुना, लिंबं. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी चिमूटभर कुंकू बशीत घेतलं आणि लिंबू पिळलं. माझी खात्री होती की ते पिवळं होणार. सगळं कुंकू म्हणजे हळद आणि चुना, बाकी नुसत्या गल्लीतल्या गप्पा. तसं झालं की मी बाबांना बशी दाखवणार होते. कुंकू पिवळं झालं नाही. आणखी पिळलं. ते ओलं झालं आणि अधिकच लाल दिसायला लागलं.

पुस्तक चुकलं याचं मला दुःख झालं नाही. ती बरोबर निघाली याचं झालं.

मग मी दोन चमचे हळद घेतली, अर्धा चमचा चुना, पाणी शिंपडून कालवलं, आणि पितळीत पसरून गच्चीत उन्हाला ठेवलं. संध्याकाळपर्यंत वाळलं. बोटांनी चुरगाळून बघितलं, रंग जवळजवळ सारखा होता. तिच्या पुडीतलं कुंकू देवघरातल्या डबीत ओतलं आणि माझं तिच्या कागदात बांधलं. त्या वेळी मी एवढंच बघत होते : ती लिंबू पिळेल, पिवळं होईल, बाबांना कळेल. चुन्याचं कुंकू ही कुंकू करणाऱ्याच्या घराला लागणारी केवढी शिवी आहे, आणि त्याच दिवशी शंभर सवाष्णी तिच्या घरचंच कुंकू लावणार आहेत, हे मला सुचलं नव्हतं असं लिहिता आलं तर बरं झालं असतं. थोडंसं सुचलं होतं.

हळदीकुंकवाला शाळेचा हॉल भरला होता. मी टेबलामागं बादलीपाशी. तिची आई दुसऱ्या रांगेत, हिरवं लुगडं, मांडीवर पितळी करंडा. हळद-चुना-लिंबाचा पहिला प्रयोग झाला. बायकांना गंमत वाटली. मग बाबा म्हणाले, "आता खरं कुंकू. त्यावर लिंबू पिळलं तर काय होईल, सांगा बघू."

तिनं पुडी सोडली. चिमूट घेतली आणि थांबली. अंगठ्यानं बोटावर घासून बघितलं, नाकाशी नेलं. तिनं मान वळवली नाही, फक्त डोळे वळवले, आणि ते माझ्यावर येऊन थांबले. मला वाटतं, माझ्या हातातला ग्लास मी दोनदा धुतला.

बाबा म्हणाले, "काय गं? कर की."

"सर, आदी खोटं दाखवतो," ती म्हणाली. मग समोर बघून मोठ्यानं, "ह्ये चुन्याचं हाय बगा. बाजारात मिळतंय असलं. कपाळाला खाज सुटली की वळखायचं."

बायका हसल्या. तिनं लिंबू पिळलं. बशीतलं लाल एका बाजूनं सरकत पिवळं झालं.

हसणं थांबलं. पुढची एक म्हातारी म्हणाली, "सणाच्या दिवशी कुकू पुसून दाखवतीस व्हय गं पोरी?"

"पुसलं न्हाय आजी, ह्ये कुकूच न्हवतं. आये, करंडा दे की तुजा."

तिची आई जागची उठून टेबलाशी आली. तिला वाटलं असावं हे सगळं ठरलेलंच आहे. करंडा उघडून म्हणाली, "घे. आनि चांगलं लिंबू वत. थेंबाथेंबानं भितीस काय?"

लिंबाच्या दोन फोडी पिळल्या तरी ते कुंकू लालच राहिलं. म्हातारी उठून जवळ आली, बशीत बोट बुडवलं आणि कपाळाला लावून बघितलं. "न्हाय जात," तिनं मागं वळून सांगितलं. मग सगळ्याच उठल्या.

बायकांना वाट देऊन बाबा बाजूला झाले. चष्मा काढून हातात धरून उभे होते, आणि तिच्याकडं बघत होते.

समारंभ संपल्यावर ती ग्लास घेऊन मागच्या हौदावर आली. आम्ही दोघीच होतो. तिनं परकर खोचला आणि राखेनं ग्लास घासायला बसली.

"अक्का, उन्हात वाळवलंसा व्हय?"

माझ्या तोंडून "हो" गेलं.

"म्हणून रंग फिका पडला त्येचा. सावलीत वाळवायचं असतंय. आनि चुन्याची निवळी घ्यायची, न्हायतर खडं ऱ्हात्यात. बोटाला लागलं मला." तिनं ग्लास पालथा घातला. "सरांस्नी न्हाय सांगत मी."

तिनं सांगावं असं मला त्या क्षणी वाटलं. ओरडावं, निदान रडावं. तिनं दुसरा ग्लास घेतला.

रस्त्यानं घरी येताना बाबा एकटेच बोलत होते. "पुडीत खोटं, आईच्या करंड्यात खरं. मला न सांगता. खोटं आणि खरं शेजारी ठेवलं की मग दुसरं काही समजावून सांगावंच लागत नाही. मला नव्हतं सुचलं हे."

त्यानंतरच्या शनिवारी ती वेताच्या खुर्चीत होती, मी पाटावर, वही मांडीवर. बाबांनी प्रयोग सांगायला सुरुवात केली. लिंबानं लाल का होतं ते त्यांना अजून सापडलं नव्हतं. 'कारण शोधत आहोत' असं त्यांनी मला लिहायला लावलं. मग खोट्या कुंकवाची कृती आली.

"चुना किती घेतला होतास गं?" त्यांनी तिला विचारलं.

ती खाली बघत खुर्चीचा वेत चाचपत राहिली. तो पुन्हा सुटला होता. "अक्कांस्नी इचारा," ती म्हणाली. "त्यांस्नी ठाव हाय."

बाबा माझ्याकडं वळले.

"दोन चमचे हळदीला अर्धा चमचा," मी म्हणाले.

"तू मोजलंस?"

"हो."

त्यांनी चष्मा पुसला. केव्हा, कुठं, असं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "बरं. लिही. आणि प्रयोगाखाली हिचं नाव घाल."

मी घातलं, चांगल्या अक्षरात.

ती वही अजून घरी आहे. बाबा दर वर्षी त्यात नवीन पानं शिवतात, आणि त्या पानाशी आले की तिची आठवण काढतात. आता तिचं लग्न होऊन ती गडहिंग्लजकडं गेली. बाबांनी आहेर म्हणून तिला शास्त्राचं एक जाड पुस्तक दिलं, इंग्रजी. वाचून कोण दाखवणार तिला, असं मी आईला म्हटलं. वेताच्या खुर्चीत आता पुन्हा मी बसते. बाबांनी तो प्रयोग काढला की मी वहीत बघते : अक्षर माझं, नाव तिचं. अर्धा चमचाही माझाच. पण तो मागायचा तर सगळंच सांगावं लागेल.