कप्प्यातला खंडोबा

नारायणगुड्याच्या चौकात सिग्नल लाल झाला आणि नामदेवरावांचा उजवा पाय फुटपाथवर जोरात दाबला गेला, ब्रेक लावल्यासारखा. टॅक्सी विकून दोन दिवस झाले होते, पाय मात्र अजून टॅक्सीतच होता.

"नामदेवराव, रिक्षा करू या का?" रजनीबाई धापा टाकत म्हणाल्या. गौलीगुड्यापासून त्या मागं जवळजवळ पळतच होत्या.

"नक्को. सव्वीस वर्षं मी लोकांना बसवलं, ताई. दुसऱ्याच्या मागं बसणं मला जमत नाही."

चालणं तरी कुठं जमत होतं? चार पावलं भरभर, मग घड्याळ, मग उगाच मागं वळून बघणं. सकाळी त्यांच्या बायकोनं, इंदुताईंनी, शेजारच्या रजनीबाईंना सांगितलं होतं, "गाडी गेल्यापासून हे घरात ठरत नाहीत. आता सिकंदराबादला काम आहे म्हणतात. तुम्हाला शाळेची सुट्टी आहे, जरा बरोबर जा."

चिक्कडपल्लीला देवळापाशी रजनीबाई हात जोडायला थांबल्या. नामदेवराव पाठ फिरवून उभे राहिले. एकही देऊळ न चुकवणारा माणूस तो.

"कुठल्या तोंडानं आत बघू?" ते म्हणाले. "आमचा खंडोबा गाडीत राहिला."

मग सगळं निघालं. एकोणसत्तर साली अँबेसिडर घेतली तेव्हा आईनं देवघरातला खंडोबाचा चांदीचा टाक लाल फडक्यात गुंडाळून पुढच्या कप्प्यात ठेवला. पोटासाठी पोरगं हिंडणार, तर देवानंही बरोबर हिंडावं, असं तिचं म्हणणं. खंडेनवमीला तेवढा टाक घरी यायचा, आंघोळ, आरती व्हायची, दसऱ्याला पुन्हा गाडीत. यंदा सप्तमीलाच पराग, त्यांचा मुलगा, सिकंदराबाद स्टेशनावरचं गिऱ्हाईक घेऊन आला. दसऱ्याला नवी मारुती यायची होती, दारात जागा हवी होती. मुलाशी हुज्जत घालता घालता नामदेवरावांनी किल्ली दिली, बॉनेटला हात लावून नमस्कार केला, आणि कप्पा उघडायचं राहून गेलं.

आज नवमी. इंदुताईंनी देव्हाऱ्यातली जागा पुसून ठेवली होती.

"त्या गिऱ्हाईकानं टाक काढून फेकला असला तर?" मुशीराबाद येईपर्यंत हे त्यांनी तीनदा विचारलं. रजनीबाई मनात जप करत राहिल्या.

स्टेशनासमोर टॅक्सींच्या रांगेत ती उभी होती, झेंडूची माळ घालून. नवा मालक यादगिरी काच पुसत होता. नामदेवरावांना बघून तो हसला, न विचारता त्यानं कप्पा उघडला. टाकावर ताजी मोगऱ्याची फुलं होती.

"साब, तुम भगवान भी दे दिये. अम्मा देखी तो रो दी. बोली, अपना मल्लन्ना है, खुद चलके आया."

इकडचे तेलुगू लोक खंडोबालाच मल्लन्ना म्हणतात, हे नामदेवरावांना ठाऊक होतं. त्यांचा हात टाकापर्यंत गेला. तिथंच थांबला. बोटं कपाळाला लावून त्यांनी हात मागं घेतला.

"ढक्कन नीचे से दबाना," ते यादगिरीला म्हणाले आणि स्वतःच दाबून दाखवलं. "नहीं तो खुलता रहता."

परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. गौलीगुडा जवळ आला तशी चाल मंदावली. गल्लीच्या तोंडाशी थांबून, खाली बघत ते म्हणाले, "ताई, तुमचं ती ऐकते. खंडोबा कुठं ठेवून आलो ते आमच्या हिला तुम्हीच सांगा. मी इथं बाहेर थांबतो."