ऊन न येणारी भिंत

दुपारी उन्हाची तिरीप चित्रावर पडली आणि मी मोजायची टेप घेऊन उठलो. एकाच चित्रकर्तीचं आमच्याकडचं हे तिसरं मूळ चित्र: ताऱ्यांमधून तरंगत चाललेलं एक झोपलेलं घर. छापील प्रत फिकी पडली तर दुसरी आणता येते. हे जगात एकच आहे. सूर्यही ताराच, आणि तोच रोज थोडे थोडे हे तारे पुसणार. ते मी होऊ देणार नव्हतो.

ऊन न येणारी, चित्र मावेल अशी एकच भिंत निघाली. तिथे आमच्या लग्नाचा फोटो होता. बायकोला भीतभीत सांगितलं.

तिने फोटो उतरवून पदराने पुसला. "लावा हो तिथे. आपले रंग उडायचे तेवढे उडालेत."

तारे सावलीत गेले. उन्हातल्या खिळ्यावर आता आम्ही दोघं आहोत.