पूजेतले हातमोजे

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी गोलकीपर होतो. हसू नका. मालकांना फुटबॉलचा नाद, त्यामुळे आम्ही संघातली पोरं सकाळी मैदानावर आणि दुपारी पॅकिंगला. करार वर्षावर्षाचा, गुडघा गेला की नोकरी गेली. त्या वर्षी बायकोला दिवस गेले होते आणि मला काहीही करून कायम व्हायचं होतं.

करार वाढवून मिळेपर्यंत परदेशातले खेळाडू सरावालाच जात नाहीत, हे मी मोबाइलवर वाचलं होतं. आमच्याकडे त्याला आळस म्हणतात. म्हणून मी जरा डोकं चालवलं. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रमागांची पूजा होते, तेव्हा आमचे बूट आणि माझे हातमोजेही एका मागावर मांडून हळदीकुंकू वाहतात. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याने त्याने आपलं हत्यार उचलायचं. उचललं म्हणजे नवा करार मान्य. दुसऱ्याच्या हत्याराला कुणी हात लावत नाही. यंदा कुणीच काही उचलायचं नाही, असं मी चहाच्या गाड्यावर सगळ्यांकडून वदवून घेतलं.

त्या सकाळी मी ऐटीत घरी बसलो. मालक न्यायला गाडी पाठवणार की रिक्षा, असं बायकोने विचारलंसुद्धा. दिवस मावळला तरी साधा फोन नाही.

दुसऱ्या दिवशी सहज आल्यासारखा कारखान्यात गेलो. सगळ्यांनी आपापले बूट उचललेले. मैदानावर माझ्या जागी आमचा एक डिफेंडर उभा होता, आणि बरा अडवत होता. मागावर वाळलेल्या झेंडूखाली उरले होते फक्त माझे हातमोजे. शेजारी त्या मागाचे विणकर मामा हात बांधून बसलेले. त्यांची मजुरी विणलेल्या मालावर, आणि अख्ख्या शेडच्या खडखडाटात त्यांचाच माग गप्प. मोजे बाजूला सारा, असं मालकांनी सांगितलं होतं म्हणे. मामांनी ऐकलं नव्हतं.

माझ्या एवढ्या बेतात हा माणूस कुठे नव्हताच. मी घाईने मोजे उचलायला गेलो.

"मालकाशी बोलणं झालं का?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मग ठेव की. तुझ्या घरी सूनबाईचं पयलं बाळंतपण हाय. माग काय, उद्या बी चालंल."

मी मोजे उचलले आणि तडक मालकांच्या केबिनमध्ये शिरलो. रात्रभर घोकलेलं भाषण ओठांवर तयार होतं. मालकांनी काय पाहिजे विचारलं, तर तोंडातून निघालं, मामांची बुडालेली मजुरी द्या. मालक लगेच हो म्हणाले. मग माझ्यासमोर जुनाच वर्षाचा करार सरकवला आणि मी आभार मानून सही केली.

बाहेर आलो तेव्हा मामांचा माग चालू झाला होता.

घरी बायकोने काय मिळालं विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती आधी हसली, मग डोळे पुसत तिने माझ्यापुढे ताट ठेवलं.

"पुढच्या वर्षी करार करायला मी जाते," ती म्हणाली. "तुम्ही आपले गोल अडवा."