महाळुंग्याचा पोर्ट आणि वनिताताई

जेवणाच्या सुट्टीत, त्या दिवशी रजेवर असलेल्या वनिताताईंचा फोन आला. नंबर त्यांचा, आवाज त्यांच्या यजमानांचा. "वनिता गेली... पोळ्या करता करता कोसळली," एवढंच ते म्हणाले. वाकडच्या आमच्या ऑफिसात भिंतीवरच्या पडद्यावर तेव्हा एकही लाल ओळ नव्हती. ती शांतता मला सहन होईना.

फोन आणि इंटरनेटच्या यंत्रांवर लांबून लक्ष ठेवणं हे आमचं काम. ग्राहकाची तार यंत्रात जिथे खोचतात, त्या तोंडाला पोर्ट म्हणतात. समोरून सिग्नल थांबला की पडद्यावर लाल ओळ येते, अलार्म वाजतो. पण ज्या पोर्टला कुणी जोडलेलंच नाही, तोही बोंबलत राहतो. म्हणून तो इथूनच बंद करतात. मग तो गप्प. पिंपळे गुरवच्या वनिताताई आमच्यात सगळ्यांत जुन्या. त्यांचे वडील कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते. मशीन थांबलं की ते आधी माणूस बघायचे, असं ताई सांगायच्या. पोर्ट बंद करताना त्यांचाही हात तसाच अडायचा.

मागे महाळुंग्याचा एक कारखाना बंद पडला आणि त्याच्या पोर्टची ओळ लाल झाली. पण दुपारी ती आपोआप हिरवी व्हायची, तासाभराने पुन्हा लाल. रोज. आमच्या सलीमला बघायला पाठवलं. गेटला कुलूप, आत माजलेलं गवत. त्याने हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. तो फोनवर ताईंना हे सांगत असतानाच इथे ओळ हिरवी झाली. ताईंनी त्याला तसं सांगितलं. "ताई, मी निघतो इथून," सलीमचा आवाज बदलला होता.

"बंद करून टाका तो पोर्ट," साहेब म्हणाले.

"बंद केला की लाल दिसणार नाही सर, पण हिरवंही दिसणार नाही," ताई म्हणाल्या. पोर्ट तसाच राहिला. दुपारी पडद्याकडे बघायची आम्हा सगळ्यांना सवयच लागली... थोडी भीतीही.

मग एका दुपारी ओळ हिरवी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताईंनी जेवणाचा डबा उघडलाच नाही. सलीमला आणि मला घेऊन थेट महाळुंगे गाठलं. सलीमने भिंतीवरून उडी मारून आत बघितलं आणि ओरडलाच. केबिनमध्ये एक म्हातारा वॉचमन जमिनीवर पडला होता, पाय मोडलेला, ओठ कोरडे. धोंडिबाकाका. कानाने अधू, म्हणून सलीमच्या हाका त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. ते दुपारी भाकरी खायला बसले की पंख्यासाठी मेन स्विच लावायचे, आणि त्याच स्विचवर आमच्या तारेच्या टोकाचा, सिग्नल देणारा भिंतीवरचा जुना डबा चालू व्हायचा.

"तुमाला कुणी सांगितलं, बाई? हितं तर कुनीच येत न्हाई," काकांनी विचारलं.

"तुमचा पंखा लागला नाही, काका," ताई त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

काका वाचले. त्यांचा मुलगा त्यांना घेऊन गेला. पुढे केबिन पाडली, सलीम डबा काढून घेऊन आला. आता तरी पोर्ट बंद होईल असं मला वाटलं. पण ताईंनी तो वेगळ्याच अवस्थेत ठेवला. त्यात पोर्ट गप्प असतो, अलार्म देत नाही. मात्र समोरून चांगला सिग्नल आला आणि टिकला, तर आपणहून जागा होतो.

"आता कोण येणार आहे तिकडून?" मी विचारलं.

"कोणी नाही... असू दे," त्या म्हणाल्या.

ताई गेल्याला काही आठवडे झाले. परवा दुपारी पडद्यावर महाळुंग्याची ओळ दिसली. पोर्ट जागा झाला होता. योगायोगाने सलीम तो पोर्ट ज्या यंत्रात आहे, त्याच यंत्राच्या खोलीत होता. मी त्याला फोन लावला.

"भाऊ, याला तारच नाहीये. तोंडाला नुसती धुळीची टोपी लावलीये," तो म्हणाला. "पण दिवा हिरवा आहे, भाऊ..."

साहेब म्हणाले, यंत्रातलं कार्ड खराब असेल. असेलही. थोड्या वेळाने सिग्नल गेला. एकदा जागा झालेला पोर्ट सिग्नल गेला की गप्प बसत नाही. तो अलार्म देतो. सबंध ऑफिसात तो वाजत राहिला. सगळे माझ्याकडे बघत होते. पोर्ट बंद करायला मला फक्त त्याची अवस्था बदलायची होती. मी आवाज कमी केला आणि ओळ तशीच लाल राहू दिली.